मांडी

"आन मेल्यावर?" अव्वानं विचारलं.

डॉक्टरांचं सगळं समजावून झालं होतं. अव्वाच्या दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे उजेडात टांगलेले होते आणि हाडाला हाड कुठं घासतंय ते त्यांनी पेनाच्या टोकानं दाखवलं होतं. वाट्या पार गेल्यात, आजी. दोन्ही बदलून टाकू. दीड-दोन महिन्यांत तुम्ही आपल्या पायानं देवळात जाल, भाजी आणाल, लेकीच्या जिवाचा घोर मिटेल. पथ्य एकच. मांडी घालायची नाही. खाली बसायचंच नाही, आणि मांडी तर कधीच नाही. मंजुषानं तारीख ठरवायला पर्समधून मोबाईल काढला, आणि तेवढ्यात अव्वानं ते विचारलं. डॉक्टर हसले. माणूस वाईट नव्हता. नाशिककडचा, लातुरात नवा, त्याला इथलं काय ठाऊक. "मेल्यावर कशाला लागते आजी मांडी?" असं म्हणून आपल्याच विनोदावर मान हलवत तो गोळ्या लिहायला लागला. अव्वानं काठी उचलली. आधी टेबल, मग दार, मग भिंत धरत, प्रत्येक पावलाला ओठ दाबत ती बाहेर निघाली. दारातून म्हणाली, "चल मंजू. ह्ये काम आपलं न्हाई."

आता बोला! दिवाळीपासून मंजुषा या बाईच्या हातापाया पडत होती. अप्पा गेल्यावर जळकोटचं दुकान-घर बंद करून तिला लातूरला आणलं, तेव्हा ती निदान घरातल्या घरात फिरत होती. आता न्हाणीपर्यंत जायचं तर खुर्ची पुढं सरकवत, धापा टाकत जायची. पहाटे उठताना तोंडात पदराचा बोळा कोंबायची, म्हणजे लेकीला ऐकू जाऊ नये. आणि लेक पलीकडच्या खोलीत डोळे उघडे ठेवून पदराच्या बोळ्यामागचा आवाज ऐकत पडायची. अजून वर्ष असंच गेलं तर ही कायमची अंथरुणाला खिळणार, हे डॉक्टरांनी मंजुषाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यावर इलाज होता, तारीख मिळत होती, हैदराबादेतला अमरेशसुद्धा, म्हणजे मंजुषाचा धाकटा भाऊ, चार दिवस येतो म्हणाला होता. सगळं जुळून आलं, आणि आडवी काय आली, तर मेल्यावरची मांडी. कारण लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात. बसलेलाच विमानातून, म्हणजे फुलांनी सजवलेल्या डोलीतून, मिरवत नेतात, आणि डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवून बसलेल्यालाच माती देतात. आडवा पडला तो मेला, बसला तो लिंगैक्य झाला, असा अव्वाचा सरळ हिशोब होता.

अव्वाला रिक्षात चढवताना रिक्षावाल्यानं एका बाजूनं धरलं, मंजुषानं दुसऱ्या, आणि अव्वा मधे "अय्यो, शिवा" करत लोंबकळली. बाहेर कोचिंग क्लासेसच्या पाट्याच पाट्या होत्या. पाटीपाटीवर चष्मा लावलेली, हार घातलेली पोरं. साऱ्या महाराष्ट्रातून लोक पोटची पोरं डॉक्टर करायला या गावात आणून सोडतात, आणि इथली म्हातारी तयार डॉक्टरला पाठ दाखवून चालती होते. मंजुषा यातल्याच एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. शिकवता शिकवता एकोणपन्नास वर्षांची झाली होती. लग्न केलं नव्हतं, आणि त्यावर जळकोटचं सगळं बोलून झालं होतं. फळ्यासमोर उभी राहिली की तिला सगळ्याचं उत्तर यायचं. सफरचंद का पडतं, चंद्र का पडत नाही, सूर्य कधी विझणार. फक्त घरातली एक बाई उठून का बसत नाही आणि बसली तर उठत का नाही, एवढंच तिला सुटत नव्हतं. रिक्षा खड्ड्यात आदळली की अव्वाचा हात नकळत तिच्या मांडीवर येऊन घट्ट व्हायचा आणि लगेच उचलला जायचा, आणि तो उचलला गेला की मंजुषाला जास्तच राग यायचा.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी हे सगळं अफाट प्रकरण तिला फार आवडायचं. नांदेडला एम.एस्सी. करताना सुट्टीत जळकोटला आली की जेवण झाल्यावर ती अप्पाला घराच्या धाब्यावर, गच्चीवर घेऊन जायची. अप्पा, म्हणजे वीरण्णा किराणावाले, दिवसभर गल्ल्यावर मांडी घालून बसलेला माणूस. वर आला तरी गोणपाट टाकून पुन्हा मांडीच घालायचा. ती त्याला देवयानी दाखवायची. तो बघ अप्पा, पुसट ठिपका. ती एक अख्खी आकाशगंगा आहे, आपल्यासारखी. हा उजेड तिथून निघाला त्याला पंचवीस लाख वर्षं झाली. अप्पा बराच वेळ मान वर करून बसायचा. "मग आत्ता तिथं काय हाय?" "आत्ताचं कसं कळणार? हे तेव्हाचं दिसतंय." अप्पानं विचार केला. "म्हंजे माल निघाल्याची खबर आली, पर दुकान चालू हाय का बंद पडलं, ठावं न्हाई." ती इतकी हसली होती की खालून अव्वा ओरडली, "काय गं, आभाळात तमाशा आलाय का?" तेव्हा तिला वाटायचं, आपण किती लहान आहोत हे कळणं म्हणजे केवढी मजा. सगळी ओझी हलकी. पुढं मग ते एक हत्यारच झालं. स्थळ आलं, गेलं, काय फरक पडतो. नोकरी कायम झाली नाही, काय फरक पडतो. अमरेश अप्पाला सांभाळायला आला नाही, मरू दे, सूर्य तरी कुठं कायमचा आहे. गळ्यातलं लिंग काढून तिनं कपाटात किल्ल्यांच्या शेजारी ठेवलं तेसुद्धा याच हिशोबानं. अव्वानं ते पाहिलं होतं. स्वतः मात्र रोज सकाळी पलंगावरून पाय लोंबते सोडून, डाव्या तळहातावर ते काळं, गुळगुळीत लिंग घेऊन त्याच्याकडं टक लावून बसायची. मंजुषानं एकदा चिडवलं होतं, "काय दिसतं गं त्यात एवढं?" तर म्हणाली, "एवढं मोठं डोळ्यात मावत न्हाई माय, म्हनून हातावर घेतलंय." कॅलेंडरवरच्या वाक्यासारखं वाक्य. मंजुषाला आणखीच संताप आला होता.

घरी आल्यावर तिनं अव्वाला पलंगावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग तिच्यानं राहवेना.

"अव्वा, तू तिथं काय बोललीस, कळतंय का तुला?"

"मला कळतंय. त्या डॉक्टरला कळंना."

"जिवंतपणी तुला संडासला जाता येईना, आणि तुला मेल्यावरच्या मांडीची पडलीय! अगं, हे विश्व केवढं आहे माहीत आहे का? आपली पृथ्वी त्यात धुळीच्या कणाएवढीसुद्धा नाही. सूर्य किती, त्याची गणती नाही. त्यात जळकोटच्या एका खड्ड्यात एक म्हातारी मांडी घालून बसली काय, पाय पसरून पडली काय, कुणाला फरक पडतो? कोण बघायला बसलंय तिथं?"

अव्वा शांतपणे पाणी प्यायली. पेला खाली ठेवला. "झालं?"

"झालं."

"लई मोठं हाय?"

"हाव, लई मोठं आहे."

"आन त्यात कुनाला कायबी फरक पडत न्हाई."

"नाही पडत."

"मग माझा गुडघा दुखला तर तुला गं कामून फरक पडायलाय?"

वर्गात पोरं शंका विचारतात तेव्हा उत्तर येत नसलं तरी 'छान प्रश्न आहे' असं म्हणून तेवढ्यात विचार करता येतो. इथं तेही म्हणता येईना. तिनं पंखा लावला, मग बंद केला.

"त्यो लोखंड बसवनार ना आत?" अव्वानं विचारलं.

"लोखंड नसतं ते. वेगळा धातू असतो."

"मोडतो का त्यो?"

"अगं नाही मोडत, चांगला मजबूत—"

"तेच म्हनायलेय मी. हाड मोडतंय. तुझ्या अप्पाचं मोडलं, म्हनून त्यो बसला. ह्ये मोडनार न्हाई. मग मला कशी बसवताल?"

"अप्पाचं काय मोडलं?"

अव्वानं तिच्याकडं पाहिलं. चिडून नाही, दयेनं. ते मंजुषाला मुळीच सहन झालं नाही. "तू ओसरीवर हुतीस की. आवाज आला न्हाई का?"

आवाज आला होता. अप्पा नांदेडला दवाखान्यात वारला. कागद निघायला वेळ लागला, अमरेश हैदराबादेहून निघाला होता त्याची वाट पाहिली, मग गाडी कंधार, जांब करत जळकोटला पोचली तोवर अप्पा दवाखान्यातल्या खाटेवर होता तसाच सरळ, ताठ झाला होता. माणसं जमली होती. स्वामी आले होते. मलप्पामामा, म्हणजे अव्वाचा भाऊ, दोघातिघांना घेऊन मधल्या खोलीत गेला, अव्वा आत होतीच, आणि दार लोटलं गेलं. मंजुषा ओसरीवर फोनवर होती. क्लासवाल्यांना सांगत होती की बारावीची बॅच हरिओम सरांना द्या, माझं अर्धं प्रकरण राहिलंय. तेवढ्यात आतून 'कट्' असा आवाज आला. थोड्या वेळानं दुसरा. मामा घाम पुसत बाहेर आला. तिनं नुसतं बघितलं, विचारलं काहीच नाही, तरी तो म्हणाला, "नारळ फोडला." आणि तिनं मान हलवली. नंतर आत गेली तर अप्पा भिंतीला टेकून, कपाळभर विभूती लावून, मांडी घालून गल्ल्यावर बसल्यासारखा बसला होता, आता उठून कुणाला तरी पावशेर डाळ देईल असा. तिला बरंच वाटलं होतं ते पाहून. आता तिच्या लक्षात आलं की त्या घरात त्या दिवशी खोबऱ्याचा तुकडा कुणीच कुणाच्या हातावर ठेवला नव्हता. हे तिला तेव्हाच ठाऊक असणार. ठाऊक असून तिनं नारळ धरून ठेवला होता.

"मी डोकं धरलं हुतं त्याचं," अव्वा म्हणाली. "मलप्पा रडायलता. म्हनला, अक्का, तू भाईर जा. मी म्हनलं, न्हाई, मी धरते, तू दाब. मांडीशिवाय कसं बसवावं त्याला? जलमभर मांडी घालून बसला त्यो."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करनार हुतीस? आभाळ दाखवनार हुतीस?" मग म्हणाली, "माझ्या टायमाला मलप्पा नसंल. अमरेशच्यानं हुनार न्हाई, त्यो रगत बघून पडतो. कोन दाबंल? आन लोखंडाला दाबून काय हुतंय? साकु. पुरे गं बाई. दुखू दे. दुखलं म्हनून काय मरत न्हाई मानूस."

संध्याकाळची बॅच होती. मंजुषा गेली, कारण न जाऊन करायचं काय होतं. वर्ग खचाखच भरलेला, एसी असून घामाचा वास. गुरुत्वाकर्षणाचं प्रकरण संपवायचं होतं. दर वर्षी ती या प्रकरणाच्या शेवटी पडद्यावर तीच चार चित्रं दाखवायची : पृथ्वी, मग सूर्य, मग आकाशगंगा, मग आकाशगंगांचा भुसा. शेवटच्या चित्रावर आल्यावर ती म्हणायची, "आता यात स्वतःला शोधा." एरवी पोरं हसायची. आज ती ते वाक्य म्हणाली आणि तिलाच ते ऐकवेना. त्या भुशात कुठंतरी एका बंद खोलीत एक बाई आपल्या माणसाचं डोकं मांडीवर धरून बसली होती आणि तिचा भाऊ रडत रडत गुडघा दाबत होता. चित्रात ते दिसत नव्हतं. दिसायचं कुठून? हे चित्र काढायलाच इतक्या लांब जावं लागतं की तिथून काही दिसत नाही, आणि मग आपण म्हणतो, बघा, काहीच नाही. हा कसला पुरावा झाला?

मागच्या बाकावरून एकानं हात वर केला. "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

"नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या वर्गातला आवाज थांबला. "परीक्षेला नाही. कशालाच नाही हे. काही उपयोग नाही याचा." पहिल्या बाकावरच्या मुलीनं वहीत तेसुद्धा लिहून घेतलं. मंजुषानं पडदा बंद केला, सोडवायला गणितं दिली, आणि ती स्टाफरूममध्ये आली.

तिथं फिजिक्सचेच हरिओम सर चहा पीत होते. ते असतानाच तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते उचलतील असं वाटलं नव्हतं, उचलला. आता विचारायचं कसं? ती सरळ विचारून मोकळी झाली. "डॉक्टर, सकाळची पेशंट, लक्ष्मम्मा. मला सांगा, गुडघा बदललेलं माणूस मेल्यावर त्याची मांडी घालता येते का?"

हरिओम सरांनी कप खाली ठेवला.

मग डॉक्टर म्हणाले, "मॅडम, सकाळी मी हसलो. नंतर आमच्या सिस्टरनं मला सांगितलं तुमच्यातलं. सॉरी. हे बघा, सांधा वळतो. चांगला वळतो. मांडीला मनाई करतो ती झिजू नये म्हणून, जास्त वर्षं टिकावा म्हणून. मेल्यावर झीज कसली? बिनधास्त घाला. उलट आत्ताचे त्यांचे गुडघे आहेत ना, ते कुणाच्या बापाला दुमडणार नाहीत."

"आणि अंग ताठलं असेल तर?"

"मग थांबायचं. जोर करायचा नाही. लगेच बसवलं तर प्रश्नच नाही. उशीर झाला तर ताठरपणा येतो, पण तो आपोआप उतरतो. दिवस-दीड दिवसात अंग सैल पडतं. घाई केली तर मात्र उगाच मोडतोड होते."

तिनं फोन ठेवला. आपोआप उतरतो. विश्वाला तेराशे ऐंशी कोटी वर्षं झालीत म्हणून ती पोरांना पाठ करायला लावते, आणि त्यांना एक दिवस थांबता आलं नव्हतं. मामाला कुणी सांगितलं नाही. अव्वाला कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं ती ओसरीवर अर्ध्या राहिलेल्या प्रकरणाची व्यवस्था लावत होती. तिला एकदम इतकं रडू आलं की हरिओम सर घाबरून उठले आणि काय करावं न सुचून त्यांनी आपला उरलेला चहा तिच्यापुढं सरकवला. "घरी सगळं ठीक ना, मॅडम?" "हाव," ती म्हणाली, "आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे." आणि तो अर्धा उष्टा चहा तिनं पिऊन टाकला.

घरी आली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. अव्वा खिडकीकडं तोंड करून बसली होती. मंजुषानं चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "डॉक्टरला विचारलंय. मेल्यावर मांडी घालता येते. जिवंतपणीच मनाई आहे, झिजू नये म्हणून. मेल्यावर झिजलं तर झिजलं."

अव्वानं नीट ऐकून घेतलं. "लोखंड वळतंय?"

"वळतंय."

"मोडावं लागत न्हाई?"

"नाही. अंग ताठायच्या आत बसवायचं. मग काही मोडावं लागत नाही." यापुढचं तिच्या जिभेवर आलं होतं. अव्वाचे हात मांडीवर उताणे पडलेले होते, ज्या हातांनी तिनं अप्पाचं डोकं धरलं होतं. मंजुषानं ते तिथंच गिळलं. जन्मभर ती लोकांना खरं तेच सांगत आली होती, मागितलं नसलं तरी.

"ताठायच्या आत," अव्वा म्हणाली. "म्हंजे जवळ असंल त्यानं."

"हाव."

"जवळ तूच हाईस."

"मीच आहे."

"तू लिंगसुद्धा बांधत न्हाईस. तुला काय फरक पडतो म्हन?"

"पडतो," मंजुषा जवळजवळ भांडल्यासारखी म्हणाली. "पडतो फरक! किती वेळा म्हणू? मी घालीन मांडी. पण त्याआधी तू उठून चालायचंस. भाजी आणायचीस, शेजारणीशी भांडायचंस, मला शिव्या द्यायच्यास. लगेच मरायचं नाही."

"मरत न्हाई मी. तू आधी शीक." अव्वानं काठीनं फरशी दाखवली. "बस खाली. बघू, येती का तुला घालता."

"आत्ता?"

"मग काय मी मेल्यावर विचारतीस? बस."

मंजुषाला आठवेना आपण शेवटची मांडी कधी घातली होती. वर्गात उभं राहायचं, घरी टेबलावर जेवायचं. ती पलंगाला धरून खाली बसली. "आधी उजवा आत," अव्वा वरून सांगत होती. "गुडघ्याला धरू नगं, घोट्याला धर. मानसाला दाबायचं नसतं माय, वळवायचं असतं. हां. आता डावा वर घे. पाठ ताठ." मंजुषानं डावा पाय ओढून वर घेतला, आणि तिच्या गुडघ्यात 'कट्' असा स्वच्छ, मोठा आवाज झाला.

दोघींनी त्या गुडघ्याकडं पाहिलं.

"नारळ," अव्वा म्हणाली.

मंजुषा हसली की रडली ते तिचं तिलाच कळलं नाही. अव्वानं काठी टेकून, वाकता येईल तेवढं वाकून, तिच्या डोक्यावर हात ठेवला. एकीला उठता येत नव्हतं, दुसरीला वाकता येत नव्हतं, आणि बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न एकसारखा वाजत होता. "बस जरा तशीच," अव्वा म्हणाली. "आन उद्या त्या हसऱ्या डॉक्टरचा नंबर लाव."